अला-कुल: दोन नव्हे, तीन दिवस ठेवा

किर्गिझस्तानातल्या अला-कुल या डोंगरातल्या तळ्याचा ट्रेक दोन दिवसांत उरकेल का, असं तुम्ही विचारलंय. उरकणारे उरकतात, पण माझं ऐका, तीन दिवस ठेवाच. मुळात ट्रेक जिथून सुरू होतो ते काराकोल शहरच साधारण १,७५० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा (१,६४६ मीटर) उंच. तिथून तळं ३,५०० मीटरच्या वर आणि पुढे ओलांडायची खिंड जवळपास ३,९०० मीटरवर. एवढी उंची घाईत चढलं की डोकं धरतं, भूक मरते. पहिला मुक्काम वाटेतल्या सिरोता कॅम्पला करा आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच निघा. दुपारी ढग भरून यायला वेळ लागत नाही.

खरी परीक्षा खिंडीपलीकडच्या उतारावर आहे. सगळी सुटी, पायाखालून घसरणारी खडी! सह्याद्रीत कातळावर पाय रोवायची सवय असली तरी इथे काठी हवीच, दोन असल्या तर उत्तम. खाली अल्तिन-अराशानच्या दरीत गरम पाण्याचे झरे आहेत, ती रात्र तिथेच काढा.

शाकाहारी असाल तर यर्टमध्ये, म्हणजे मुक्कामाच्या गोल तंबूत, आधीच सांगून ठेवा. बोरसोक, म्हणजे मैद्याचे तळलेले तुकडे, सगळीकडे मिळतात, पण कधीकधी ते चरबीत तळतात. तेवढं विचारून घ्या. आणि ऑगस्ट असला तरी उबदार जॅकेट घ्याच, खिंडीत तेव्हाही बर्फ पडू शकतो.