प्रतिसाद: ऑस्ट्रेलियासारखा कायदा आणताना छोट्यांचं काय?

वर म्हटलंय की गुगल-फेसबुकसारख्या कंपन्यांनी बातम्यांसाठी वृत्तमाध्यमांना पैसे द्यावेत, यासाठीचा ऑस्ट्रेलियाचा २०२१चा कायदा जसाच्या तसा आपल्याकडे आणावा. मला ते पटत नाही. त्या कायद्याची खरी धार लवादात, म्हणजे वाद मिटवणाऱ्या त्रयस्थ मंडळात आहे. दोन्ही बाजूंनी रकमेचा आपापला अंतिम आकडा द्यायचा आणि लवादाने त्यातला एकच निवडायचा. पण सरकारने एखादी कंपनी त्याखाली 'नामनिर्देशित' केली तरच हे लागू होतं, आणि तशी एकही केली गेली नाही. मोठ्या वृत्तसमूहांशी करार झाले, पण एसबीएससारख्या सार्वजनिक वाहिनीलाही फेसबुकने दाद दिली नाही. मग तालुक्याच्या साप्ताहिकाला कोण विचारणार?

छोट्यांना खरा आधार मिळाला तो एकत्र सौदा करायच्या परवानगीचा. तिथल्या स्पर्धा आयोगाने ग्रामीण वृत्तपत्रांच्या संघटनेला ती दिली. एरवी असं एकत्र येणं साटंलोटं ठरू शकतं, म्हणून ही सूट कायद्यातच हवी. मला तरी हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो.

आणि कॅनडा विसरू नका. तिथेही असाच कायदा झाला, तेव्हा पैसे द्यावे लागतील म्हणून मेटाने (फेसबुकच्या मालक कंपनीने) ऑगस्ट २०२३पासून तिथे फेसबुकवर बातम्याच बंद केल्या. त्याच महिन्यात वणव्यामुळे यलोनाइफ शहर रिकामं करावं लागलं. लोक 'केबिन रेडिओ' या स्थानिक बातमीदारांच्या पानांचे स्क्रीनशॉट काढून एकमेकांना पाठवत होते, कारण लिंक टाकताच येत नव्हती. आपल्या मसुद्यात 'बातम्या रोखून दबाव आणता येणार नाही' हे कलम आधी लिहा, रकमेचं नंतर बघू.