सॅनिटायझरचं द्रावण बनवून किती दिवस ठेवता येतं? (कोम्बुचाच्या बाटल्या, बरणी, नळी)

धायरीकर:
घरी १० लिटरच्या काचेच्या बरणीत कोम्बुचा (गोड चहा आंबवून केलेलं पेय) लावतो आणि दुसऱ्या आंबवणीसाठी क्लिपच्या झाकणाच्या बाटल्या वापरतो. निर्जंतुक करायला स्टार सॅन (पाण्यात मिसळून वापरायचं आम्लाचं सॅनिटायझर) आणलं आहे. सोसायटीत टँकर आणि बोअरचं मिसळलेलं पाणी येतं. त्यात द्रावण केलं की काही मिनिटांत दुधाळ होतं. म्हणजे ते वाया गेलं का? एकदा बनवलेलं द्रावण बादलीत ठेवून पुढच्या बॅचला वापरता येईल का? आणि बाटल्या नंतर साध्या पाण्याने विसळायच्या की नाही?

आंबटशौकीन:
आधी प्रमाण. मूळ माप ५ अमेरिकन गॅलनला १ औंस असं आहे, म्हणजे लिटरमागे साधारण १.६ मिली. ५ लिटरला ८ मिली. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतू नका. मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. जास्त घातल्याने जास्त निर्जंतुक होत नाही. शिवाय न विसळण्याची मुभा याच प्रमाणाला आहे, घट्ट द्रावणाला नाही.

त्यामुळे विसळू नका. नळाच्या पाण्याने विसळलं तर जे घालवलं तेच परत आत जातं. पृष्ठभाग १ ते २ मिनिटं ओला राहिला पाहिजे, मग बाटली उपडी करून निथळू द्या. थोडा फेस राहिला तरी चालतो, कोम्बुचा मुळात आंबट असतो.

दुधाळपणा पाण्यातल्या कॅल्शियममुळे येतो. या द्रावणात दोन घटक काम करतात, फॉस्फोरिक आम्ल आणि साबणासारखा एक आम्लधर्मी घटक. कठीण पाण्यातलं कॅल्शियम त्या दुसऱ्या घटकाला धरून बसतं. म्हणून पाणी बदला. घरच्या आरओचं पाणी घ्या. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी मात्र अजिबात नको, सगळे क्षार त्यातच साठलेले असतात.

पीएचपट्टी:
वरच्याशी सहमत, एक भर. दुधाळ झालेलं द्रावण तेवढ्यापुरतं, पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं जास्त आम्ल) ३ च्या खाली असेल तर, मी वापरेन. साठवणार मात्र नाही. आरओच्या पाण्यातलं, झाकण घट्ट लावलेलं, स्वच्छ दिसणारं द्रावण काही आठवडे टिकतं. प्रत्येक वेळी पीएच बघा. १ ते १४ वाली पट्टी इथे कुचकामी आहे, रंगांमधला फरक कळतच नाही. ० ते ६ ची घ्या. ३ च्या वर गेलं की ओतून टाका.

पीएच चढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे धुण्याचा सोडा. बरणीवरचे चहाचे डाग आणि कल्चरचा बुळबुळीत थर काढायला गरम पाणी आणि सोडा उत्तमच, पण तो नीट विसळला नाही तर आम्ल तिथेच उदासीन होतं. मळ असेल तर त्याखालचे जंतू सॅनिटायझरला सापडतच नाहीत. आधी घासणं, मग भरपूर विसळणं, मग सॅनिटायझर. हा क्रम सोडू नका. बाटल्यांची रबरी रिंग काढून वेगळी भिजवा, बुरशी तिच्याच मागे धरते.

कडप्प्याचा ओटा:
साठवणीबद्दल कळकळीने सांगतो: पिण्याच्या पाण्याच्या जुन्या बाटलीत हे कधीही भरू नका. आरओच्या पाण्यात केलेलं द्रावण पाण्यासारखंच दिसतं, घरात लहान मुलं असतात. जाड एचडीपीई प्लास्टिकचा कॅन घ्या आणि नाव, तारीख ठळक लिहा. पाणी न घातलेलं मूळ स्टार सॅन त्याच्याच बाटलीत राहू द्या.

दुसरं, कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर हे चुनखडीचे दगड. आम्ल सांडलं की चकाकी जाते, पांढरट डाग पडतो आणि पुसून जात नाही. ग्रॅनाइटला तेवढा धोका नाही. काम स्टीलच्या सिंकमध्ये किंवा प्लास्टिकच्या टबात करा. ॲल्युमिनियमची भांडी यात भिजवू नका.

आणि ब्लीच या कामातून पूर्ण बाजूला ठेवा. आम्लात मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. घरातल्या बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

धायरीकर:
खूप आभार. आयोडोफर (आयोडीनचं सॅनिटायझर) स्वस्त पडेल का? आणि बरणीतून बाटल्या भरायच्या सायफनच्या नळीचं काय करायचं?

पीएचपट्टी:
आयोडोफर चांगलं आहे. १.७५ टक्केवालं असेल तर ५ लिटरला ४ मिली, २ मिनिटं. पण साठवायला ते नाही. उघड्या बादलीत आयोडीन उडून जातं, उजेडातही कमी होतं. तपकिरी-पिवळा रंग फिका पडला की ताकद गेली. नळ्या आणि प्लास्टिक पिवळं पडतं ते वेगळंच.

नळी: वापरल्याबरोबर तिच्यातून गरम पाणी जाऊ द्या, साखर आत सुकू देऊ नका. मग सिरिंजने द्रावण भरून दोन्ही टोकं वर धरा, हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढा भाग कोरडाच राहतो. २ मिनिटांनी रिकामी करून उभी टांगा. द्रावणात रात्रभर बुडवून ठेवली तर काही नळ्या चिकट होतात. आतून धुरकट किंवा ओरखडलेली दिसली की बदलून टाका.