मदत हवी आहे: माहितीपटासाठी राजीनामा द्यावा की बिनपगारी रजा घ्यावी?

नमस्कार मंडळी. मी मालवणचा, जिल्हा परिषदेत लिपिक, ११ वर्षं सेवा झाली. दोन वर्षं रापणीवर माहितीपट करतोय. होडीतून जाळ्याचा वेढा घालून पन्नासेक माणसं किनाऱ्यावरून दोन्ही टोकं ओढतात ती रापण. पण मासा दिसला की रापण लागते, तेव्हा मी कचेरीत असतो. रविवारच्या चित्रीकरणावर २० मिनिटांचा कच्चा कट झालाय, पुढे सरकत नाही. नारळी पौर्णिमेनंतरचा सलग हंगाम मिळाल्याशिवाय हे काम पुरं होणार नाही, याची मला खात्री आहे.

अध्ययन रजेचं आस्थापना विभागात विचारलं. विषय पदाच्या कामाशी संबंधित नाही म्हणून ती मिळणार नाही म्हणाले. उरते असाधारण रजा, तीही बिनपगारी. घराचा हप्ता १४ हजार, शिल्लक आठ महिने पुरेल एवढी. मुंबईतल्या एका संकलकाने सहा महिने सहायक म्हणून बोलावलंय, मानधन देणार आहेत. कॅमेरा स्वतःचा आहे, त्यामुळे तो खर्च नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम सध्या शक्य नाही. "नोकरी सोडू नको" हे घरचे रोज सांगतात, त्यामुळे कृपया तेवढंच लिहू नका.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीतून या क्षेत्रात आलेल्यांनी सांगावं: असाधारण रजेवर असताना असं मानधन घ्यायला पूर्वपरवानगी मिळते का, की त्यासाठी राजीनामाच द्यावा लागतो? आणि परवानगी मिळाली असेल, तर अर्जात कारण काय लिहिलं होतंत?