कॅटीमध्ये घर घ्यायचे आहे: हरिकेन आणि त्यानंतरच्या दिवसांविषयी अनुभव हवेत

रानजाई:
नमस्कार. आम्ही न्यू जर्सीहून ह्यूस्टनच्या पश्चिमेला कॅटी येथे राहायला आलो असून याच भागात घर विकत घेण्याच्या विचारात आहोत. पसंत पडलेले घर पूररेषेच्या बाहेर असल्यामुळे पुराचा विमा सक्तीचा नाही, असे बँकेने सांगितले. परंतु २०१७ च्या हार्वी वादळात त्या वसाहतीच्या मागच्या गल्ल्यांत पाणी शिरले होते, असे तेथील एका वयस्क गृहस्थांकडून कळल्यापासून मन थाऱ्यावर नाही. जून ते नोव्हेंबर या वादळांच्या हंगामात माझे आईबाबाही पुण्याहून येथे आलेले असतील आणि बाबांना इन्सुलिन घ्यावे लागते. ज्यांनी मोठे वादळ व त्यानंतरचे दिवस काढले आहेत, त्यांनी घर घेताना काय पाहावे आणि वादळ गेल्यावर काय वाट्याला येते, हे कृपया सविस्तर सांगावे.

पाणकणीस:
रानजाई, त्या गृहस्थांचे म्हणणे गांभीर्याने घ्या. हार्वी २५ ऑगस्ट २०१७ च्या रात्री टेक्ससमधील रॉकपोर्टजवळ पाचपैकी चौथ्या श्रेणीचे वादळ म्हणून किनाऱ्यावर आदळले, पण आमच्याकडे नुकसान केले ते वाऱ्याने नव्हे, पावसाने. वादळ पुढे सरकेनाच आणि आभाळ फाटल्यासारखा पाऊस दिवसरात्र कोसळत राहिला. टेक्ससमधल्याच नेदरलँड नावाच्या गावी एकूण ६०.५८ इंच पाऊस नोंदला गेला. ह्यूस्टनच्या पश्चिमेकडील ॲडिक्स आणि बार्कर ही मातीची धरणे १९२९ व १९३५ च्या महापुरांनंतर मुख्य शहर वाचवण्यासाठी १९४० च्या दशकात बांधलेली आहेत. एरवी ती कोरडी असतात आणि आत मैदाने व उद्याने आहेत, त्यामुळे आपण धरणाच्या पोटाशी राहतो आहोत हे नव्या माणसाच्या लक्षातच येत नाही. त्या आठवड्यात पाण्याचा फुगवटा सरकारी जमिनीची हद्द ओलांडून वरच्या वसाहतींत शिरला आणि पाणी सोडावे लागल्यावर खालच्या बाजूला बफेलो बायू या संथ नदीकाठची घरेही बुडाली. पावसाने उघडीप दिल्यानंतरही आमच्या रस्त्यावरच्या गटाराच्या जाळीतून पाणी संथपणे वर येत होते आणि संध्याकाळपर्यंत ते उंबऱ्याच्या आत आले.

म्हणून केवळ पूररेषेच्या नकाशावर विसंबू नका. फोर्ट बेंड काउंटीतील (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) काही वसाहतींच्या नोंदणीकृत आराखड्यांवर धरणाचे पाणी येऊ शकते अशी टीप होती, पण घर घेताना तो आराखडा कोण उघडून पाहतो? आता २०१९ च्या कायद्यानुसार घरात पूर्वी पुराचे पाणी शिरले होते का आणि घर धरणाच्या फुगवट्याच्या क्षेत्रात येते का, हे विक्रेत्याने लेखी कळवावे लागते. पुराचा विमा मात्र सक्तीचा नसला तरी घ्याच. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरत नाहीत आणि सरकारी योजनेतील पॉलिसी साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते, त्यामुळे मेक्सिकोच्या आखातात वादळ दिसू लागल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही. बांधकामासाठी कमाल अडीच लाख आणि सामानासाठी एक लाख डॉलर अशी तिची मर्यादा आहे. सामानाचा विमा वेगळा मागून घ्यावा लागतो. आमच्याकडे विमा होता म्हणून आम्ही सावरलो. शेजारच्या अनेकांकडे तो नव्हता; त्यांना मिळालेली सरकारी मदत अगदी तुटपुंजी होती आणि उरलेला खर्च त्यांनी कर्ज काढून भागवला.

पाणी ओसरल्यावर आधी फोटो काढावेत: भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेशी मोजपट्टी धरून, आणि प्रत्येक उपकरणाचा क्रमांक दिसेल असे. गालिच्याचा एक तुकडा कापून जपून ठेवावा. विमा कंपनीचा माणूस येईपर्यंत ओले सामान घरातच ठेवायचे असा अनेकांचा समज असतो, पण दोन दिवसांत बुरशी धरू लागते, म्हणून फोटो झाले की ते बाहेर काढलेच पाहिजे. मग शीटरॉक, म्हणजे भिंतीचा जिप्समचा पत्रा, पाण्याच्या खुणेच्या वरपर्यंत कापायचा आणि आतले चिंब झालेले इन्सुलेशन (उष्णतारोधक भरण) हातमोजे घालून ओढून काढायचे. घरापुढच्या त्या ढिगाऱ्यात माझ्या सासूबाईंनी शिवलेली गोधडी आणि फुगून दुप्पट झालेली पोथीही होती. त्या टाकताना यजमानांच्या तोंडून शब्द फुटला नाही. भिंतीमागचे लाकूड पूर्ण वाळल्याचे ओलावा मोजणाऱ्या मीटरने तपासल्याशिवाय कोणत्याही कंत्राटदाराला भिंत बंद करू देऊ नका आणि सगळे पैसे आगाऊ मोजू नका. आमचा संसार मार्गी लागायला पुढचा उन्हाळा उजाडला.

सोनचाफा:
पाणकणीस यांच्या प्रतिसादात विजेचा मुद्दा जोडतो, कारण आईबाबांच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. ८ जुलै २०२४ रोजी आलेले बेरिल वादळ अवघ्या पहिल्या श्रेणीचे होते, तरीही ह्यूस्टन परिसरातील सुमारे २२ लाख ग्राहकांची वीज गेली आणि काही ठिकाणी ती आठवडाभराहून अधिक काळ आली नाही. टेक्ससच्या जुलैमध्ये बंद घर भट्टीसारखे तापते आणि त्या वादळानंतर उष्म्याने माणसे दगावली. बंद फ्रीजमधील अन्न साधारण चार तास टिकते, इन्सुलिनलाही अशा उष्णतेत धोका असतो. डॉक्टरांना विचारून थंड पिशवीची सोय आधीच करा. भारतातून आणलेले औषध येथील दुकानात चिठ्ठीशिवाय मिळेलच असे नाही, म्हणून ते जास्तीचे जवळ असू द्या. जनरेटर गॅरेजमध्ये कदापि चालवू नका, मग दार उघडे का असेना. तो घरापासून किमान २० फूट दूर हवा, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वाटसरू:
घर सोडून निघण्याविषयी थोडे लिहितो. २००५ मध्ये कॅटरिना वादळापाठोपाठ रिटा वादळ येणार म्हणून सुमारे २५ लाख लोक एकाच वेळी निघाले, महामार्ग ठप्प झाले आणि त्या पलायनात शंभरच्या आसपास माणसे मरण पावली. समुद्राच्या उधाणाचा धोका किनाऱ्यालगतच्या पट्ट्यांना असतो आणि तेथील लोकांनी आधी निघायचे असते. तुम्ही कॅटीत असल्यामुळे आदेश नसताना रस्ते अडवू नयेत. मात्र बाबांची प्रकृती लक्षात घेता त्यांना दोन-तीन दिवस आधीच ऑस्टिन किंवा डॅलसला ओळखीच्यांकडे पोहोचवणे शहाणपणाचे ठरेल. पाणी साचलेल्या रस्त्यावर गाडी घालू नका. हार्वीत अनेकांचा जीव गाडीतच गेला.

रानजाई:
सर्वांची मनापासून आभारी आहे. विमा घेण्याचे आम्ही आजच ठरवले. विक्रेत्याच्या लेखी माहितीत जर पाणी शिरल्याचे आढळले, तर करारावर सही केल्यानंतरही माघार घेता येते का?

पाणकणीस:
येते. टेक्ससमध्ये करारात थोडी रक्कम भरून ‘ऑप्शन पीरियड’ घेता येतो आणि त्या मुदतीत कोणतेही कारण न देता व्यवहार सोडता येतो. ती मुदत जरूर घ्या, तेवढ्यात वसाहतीचा आराखडा काउंटीच्या कार्यालयातून मिळवा आणि मागच्या गल्लीतील दोन-चार घरांची दारे वाजवून पाणी कुठवर आले होते ते त्यांच्याच तोंडून ऐका.