मदत हवी आहे: माळ्यावरची वाद्यं, रेडिओ आणि टेपडेक कुणाला द्यावं?

नमस्कार मंडळी,

फोंड्याजवळचं आमचं जुनं घर चवथ झाली की उतरवणार आहेत. मातीच्या भिंती, वाळवी लागलेले वासे, आणि वाटणी झाल्यावर दुरुस्तीला पैसे घालायला कुणीच तयार नाही. माळा रिकामा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण काय तर "तुका गाण्यातलें कळटा". कळतं म्हणजे लहानपणी तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, तेवढंच.

वर सापडलं ते असं. आजोबांची भजनाची पेटी, एक तंबोरा (भोपळ्याला बोटभर तडा), तबला-डग्गा, दोन घुमटं (मातीच्या भांड्याला चामडं ताणलेलं आपलं गोव्याचं वाद्य), एक व्हायोलिन, व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ, ७८ आरपीएमच्या चाळीसेक तबकड्या. शिवाय थोरल्या काकांनी कुवेतहून आणलेला टेपडेक, अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि बिस्किटाच्या डब्यात कॅसेटी.

पेटी उघडून बघितली. भात्याच्या घडीत उंदरांनी कापूस-चिंध्यांचं बाळंतघर केलंय. खालच्या सप्तकातल्या तीन पट्ट्या दाबल्या की वर येतच नाहीत. पण फट हाताने दाबून धरली आणि भाता मारला, तर काळी दोनचा सूर असा स्वच्छ आला की खालून आईने विचारलं, "कोण आलंय?"

आता अडचण. भंगारवाला येऊन गेला. सगळ्याचे मिळून दीड हजार म्हणाला, आणि डग्गा तांब्याचा निघाला तर वर बघू. खात्री करायला त्याने डग्ग्याला टिचकी मारली. गेल्या वीसेक वर्षांत तो डग्गा वाजवणारा तोच पहिला. दुसरा आला तो किनाऱ्यावरच्या एका हॉटेलची सजावट करणारा. त्याला भोपळा कापून दिवा करायचा आहे, आणि रेडिओ आतून पोकळ करून त्यात बाटल्या ठेवायच्या आहेत. पैसे बरे देत होता, खोटं कशाला बोलू. गावच्या देवळात विचारलं, तर भजनी मंडळाचे काका म्हणाले, "पेट्या पाच आहेत रे, वाजवणारा एक."

शाळेला द्या, असं कृपया सुचवू नका. तीन वर्षांपूर्वी एका शाळेला मी माझा कीबोर्ड मोठ्या थाटात दिला, फोटोबिटो काढून. पुढच्या वर्षी गेलो तर तो जिन्याखाली, अ‍ॅडॉप्टर गायब, वर क्रीडादिनाच्या पताका. दोष त्यांचा एकट्यांचा नाही. शिकवणारं कुणी आहे का, हे मीच विचारलं नव्हतं.

तर माझा प्रश्न: यातलं काय वाजतं होऊ शकतं, काय खरंच संपलंय, आणि जे संपलंय त्याचं काय करायचं? पैसे मिळाले नाहीत तरी चालेल. व्हायोलिनच्या आत १७२१ सालचं स्ट्राडिवारियसचं लेबल आहे, त्यामुळे भाचा मात्र जाम खुशीत आहे.

प्रतिसाद १

भाच्याला खाली बसवा. ते लेबल जर्मनी-बोहेमियातल्या कारखान्यांनी लाखो व्हायोलिनींत चिकटवलंय. फसवायला नव्हे, आमचं मॉडेल कुठल्या नमुन्यावरचं आहे एवढं सांगायला. पण वाद्य टाकाऊ ठरवू नका. आपल्याकडे चर्चच्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन शिकवलं गेलं, मुंबईच्या सिनेसंगीतातले कितीतरी वादक गोव्याचे होते ते त्यामुळेच. शिकणाऱ्या मुलाला असं व्हायोलिन आजही उपयोगी पडतं. वाद्याची मान सरळ आहे का, पोटाला म्हणजे वरच्या फळीला चीर आहे का, एवढं बघा. आवाज देणारी आतली काठी बहुतेक पडलेली असेल, हलवल्यावर खुळखुळतं का? तसं असेल तर तारा ताणू नका, पोट खचेल.

प्रतिसाद २

सगळ्यात आधी घुमटांचं चामडं बघा. जुन्या घुमटांना घोरपडीचं कातडं असायचं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे असं घुमट विकणं, कुणाला देणं, नुसतं बाळगणंही अंगाशी येऊ शकतं. खवल्यांची बारीक नक्षी दिसली तर फोटो इथे टाकू नका, वनखात्याला विचारून पुढचं ठरवा. बकऱ्याचं निघालं तर प्रश्नच मिटला. २०१९ मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवल्यापासून शिकणारी पोरं बरीच वाढलीत. आमच्या वाड्यावर चवथीच्या आरतीला मातीचं चांगलं भांडं मिळेना म्हणून रड असते. तुमच्या भांड्यांची भाजणी चांगली असेल तर मीच नेतो.

प्रतिसाद ३

तंबोरा कापू देऊ नका हो! बोटभर तडा म्हणजे काहीच नाही. मिरजेला न्या. तिथे भोपळ्याला आतून पट्टी लावून तडा बुजवतात, जवारी (घोडी घासून तारांना आणलेला तो घुमारा) नव्याने काढून देतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण काम पिढ्यान्‌पिढ्याचं. गोवा एक्सप्रेस मडगावहून थेट मिरजेवरून जाते. तंबोरा गोधडीत गुंडाळा आणि वरच्या बर्थवर भोपळा भिंतीकडे करून ठेवा. मी नेलाय. टीसीने तिकीट नाही विचारलं, राग कुठला लावता ते विचारलं.

पेटीचं: रीड, म्हणजे आतल्या सूर देणाऱ्या पितळी पात्या, कुठले आहेत ते बघून घ्या. जुने जर्मन रीड असतील तर लाकूड कुजलं तरी सूर वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत, आणि पेटीवाले ते दुसऱ्या पेटीत बसवतात. पाच पेट्यांच्या देवळाला सहावी देण्यापेक्षा तिचे सूर त्या पाचांतल्या एखाद्या बेसूर पेटीत गेलेले काय वाईट? हिरवा थर आला असेल तर सँडपेपर मात्र लावू नका. रीड कणभर घासली गेली तरी सूर बदलतो.

प्रतिसाद ४

मी मडगावला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचो, आता नातवंडं सांभाळतो.

व्हॉल्व्हचा रेडिओ थेट प्लगला लावू नका. इतकी वर्षं बंद असलेले कंडेन्सर आतून सुकलेले असतात. एकदम वीज दिली की फुटतात, आणि जाताना ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातात. शंभर वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून बघतात. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. हे तुम्ही करू नका, जाणत्याकडून करून घ्या. स्पीकरच्या कोनाभोवतीचा (कोन म्हणजे आतला शंकूसारखा पडदा) फोम दाबून बघा, चुरा झाला असेल तरी कोन धड असल्यास नवी रिंग बसते. आपल्या दमट हवेत फोम आधी जातो.

डेकची सगळ्यांत कमी काळजी करताय असं दिसतं. त्याच्यातल्या रबरी बेल्टचं एव्हाना डांबर झालेलं असणार. ते स्पिरिटने पुसून नवे बेल्ट घातले की बरेच डेक चालू होतात. अगदीच गेला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, तो तांब्यासाठी वायरी जाळतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच द्या.

पण आधी एक सांगा, डब्यातल्या कॅसेटींवर आहे काय?

धागालेखक

काका, तुमचा प्रश्न वाचून डबा खाली आणला. मला वाटलं होतं सिनेमाची गाणी असतील. एकवीस कॅसेटी आहेत. त्यातल्या चौदांवर आजीच्या अक्षरात फक्त महिना आणि साल, "सप्टेंबर ८४", "मे ८५" असं. आईला दाखवल्या, तर ती म्हणाली, ही पत्रं. कुवेतला फोन महाग, आजीला लिहायचा कंटाळा, म्हणून महिन्यातून एकदा सगळे बालकांवावर (दारापुढच्या सोप्यावर) बसून कॅसेट भरायचे आणि सुट्टीवरून परत जाणाऱ्याच्या हाती पाठवायचे. काकांनी परत येताना सगळ्या आणल्या.

म्हणजे डेक आता कुठेही जात नाही.

प्रतिसाद ४

मग डेक दुरुस्त झाला तरी पहिल्यांदा बाजारातली एखादी फालतू कॅसेट लावून बघा, टेप खात नाही ना. तुमच्या कॅसेटींवर पांढरी बुरशी दिसली तर त्या इतक्यात लावू नका. आतला स्पंजचा चिमुकला तुकडा गळाला असेल, तोही चिकटवावा लागतो. आणि मागच्या कडेची दोन प्लॅस्टिकची दातं आत्ताच मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आजी पुसली जाणार नाही. एकदा वाजली की तेव्हाच कॉम्प्युटरवर घ्या. दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नसते.

धागालेखक

दातं मोडली, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. डेक पुढच्या रविवारी मडगावला आणतोय, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा. घुमटं बकऱ्याचीच आहेत, एकाच्या कडेला टवका उडालाय, प्रतिसाद २ ने येऊन वाजवून न्यावीत. तंबोरा भावाच्या बायकोने मागून घेतला, मिरजेला तीच जाणार आहे. व्हायोलिनची काठी खुळखुळतेय, भाचा आता त्याच्याकडे बघतही नाही.

तबकड्या आणि रेडिओ अजून आहेत. ७८ च्या तबकड्या लाखेच्या, पडल्या की काचेसारख्या फुटतात, म्हणून कुरिअर करणार नाही. ज्यांच्याकडे ७८ ची जाड सुई आहे त्यांनीच घरी येऊन घेऊन जाव्यात. रेडिओ ज्याला दुरुस्त करून ऐकायचा असेल त्याला फुकट. बाटल्या ठेवणाऱ्यांनी विचारू नये.