कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड किती टिकते? आपले अनुभव लिहावेत

लग्नसराई जवळ आली की जुनेच कार्ड चालवावे की नवे घ्यावे, हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक फोटोवाल्याला पडतो. कार्डाचे आयुष्य वर्षांत मोजण्यापेक्षा लिहिण्या-पुसण्याच्या फेऱ्यांत मोजलेले बरे. कार्डात माहिती साठवणाऱ्या सूक्ष्म कप्प्याला पेशी म्हणतात; एका पेशीत एकच बिट साठवणाऱ्या जुन्या प्रकारात अशा सुमारे एक लाख फेऱ्या धरल्या जात. तीन बिट साठवणाऱ्या आजच्या स्वस्त प्रकारात त्या साधारण हजार ते तीन हजारांवर आल्या आहेत. तरीही ६४ जीबीचे कार्ड हजार वेळा काठोकाठ भरणारा छायाचित्रकार माझ्या पाहण्यात नाही. मग कार्डे बिघडतात कशाने, एवढेच या धाग्यात समजून घ्यायचे आहे. कंपनीचे नाव कृपया लिहू नये, कारण नकली मालावरही तीच नावे छापलेली असतात.

वडसा परिसर, नाटकांचे चित्रीकरण

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतले नाटक रात्री उशिरा सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने तासाला साधारण साडेबावीस जीबी जागा लागते, त्यामुळे १२८ जीबीचे कार्डही शेवटच्या अंकापर्यंत पुरत नाही आणि मी दोन कार्डे बसणारा कॅमेरा वापरतो. माझी कार्डे लिहून लिहून झिजलेली नाहीत. जे नुकसान झाले ते चित्रीकरण चालू असताना वीज जाऊन अॅडॉप्टर बंद पडल्यामुळे झाले. अशा वेळी शेवटची फाइल नीट बंद होत नाही आणि संगणकावर ती शून्य आकाराची दिसते. ते कार्ड लगेच संगणकाला न जोडता त्याच कॅमेऱ्यात परत घालावे. काही कॅमेरे दुरुस्ती करू का, असे स्वतःच विचारतात आणि बहुतेकदा नाटकाचा तो प्रवेश हाती लागतो. तेव्हापासून अॅडॉप्टर असला तरी कॅमेऱ्यात भरलेली बॅटरी ठेवतोच.

आर्णी तालुका, फोटो स्टुडिओ

आमच्या भागात कार्ड मरण्याचे पहिले कारण नकली माल हेच आहे. तालुक्याच्या एका दुकानातून आणलेल्या १२८ जीबीच्या कार्डावर हळदीचे फोटो उत्तम आले आणि वरातीपासूनचे सगळे अर्धे राखाडी निघाले. अशा कार्डात खरी जागा थोडी असते, पण आतला कंट्रोलर, म्हणजे कार्डाचा कारभार पाहणारी चिप, कॅमेऱ्याला खोटा आकडा सांगतो आणि जागा संपल्यावरही लिहिणे सुरूच राहते. कॅमेऱ्याच्या पडद्यावर छोटे चित्र व्यवस्थित दिसते, म्हणून तिथल्या तिथे शंका येत नाही. आता नवे कार्ड एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून आणि परत वाचून पाहिल्याशिवाय मी कामावर नेत नाही. याला काही तास लागतात आणि भारनियमनात संगणक बंद पडला की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, त्यामुळे हे काम लॅपटॉपवर केलेले बरे.

धागाकर्ता: वरचा अनुभव दुकानदारांनीही वाचावा. त्यांच्यातल्या अनेकांना आपण काय विकतो हे खरोखर ठाऊक नसते.

ब्रह्मपुरीजवळचे गाव, जंगलातील कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे)

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून कार्डे उन्हाने जातात असा सर्वांचा समज आहे. मला तसे दिसले नाही. बऱ्याच कार्डांची काम करण्याची मर्यादा ८५ अंशांपर्यंत दिलेली असते आणि त्याआधी बॅटरीच मान टाकते. उतरत्या बॅटरीवर लिहिले गेलेले फोटो मात्र अर्धवट निघतात. वाघ पट्ट्यांवरून ओळखतात आणि त्याच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असल्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. त्यातले एक कार्ड फसले की वाघाची एक बाजू हाती येते आणि दुसरी नाही. कार्डावर कॅमेऱ्याचा क्रमांक पक्क्या शाईने लिहावा आणि कार्ड त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करावे.

वरुड, संत्र्याची बाग

कार्ड खरोखर झिजलेले पाहायचे असेल तर सीसीटीव्हीत पाहावे. सेकंदाला ४ मेगाबिटचा कॅमेरा दिवसाला सुमारे ४३ जीबी लिहितो, म्हणजे ३२ जीबीचे कार्ड रोज एकदाहून अधिक वेळा नव्याने भरते आणि वर्षाकाठी जवळपास पाचशे फेऱ्या होतात. कंट्रोलर हा भार सगळ्या पेशींवर वाटून देतो, तरीही साधे कार्ड दोन-तीन वर्षांतच थकते. वाईट म्हणजे ते थकल्याचे सांगत नाही. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली तेव्हा कॅमेऱ्याचा दिवा नेहमीसारखा लुकलुकत होता, पण कार्डात दोन महिन्यांपूर्वीचेच चित्रण होते. कार्ड फक्त वाचण्यापुरते उरले होते. सतत चित्रीकरणासाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ असे लिहिलेले कार्ड मिळते, तेच घ्यावे. साध्या कार्डाच्या वॉरंटीतून असा वापर बहुधा वगळलेला असतो.

मेळघाट, शिक्षक

कार्डाच्या कडेची कुलपाची पट्टी तुटली म्हणून कार्ड फेकू नये. ती नुसती प्लॅस्टिकची खूण आहे, आत तिला काहीही जोडलेले नसते; ती नसली की कॅमेरा कार्डाला कुलूप आहे असे समजतो. पट्टीच्या रिकाम्या खाचेवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावल्यावर आमच्या शाळेचे कार्ड पुन्हा लिहू लागले.

मोर्शी, लग्नाचे छायाचित्रण

गिऱ्हाईक हल्ली अल्बमसोबत कार्डच मागते आणि ते कपाटात दागिन्यांजवळ ठेवते. कार्डाच्या पेशीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. वीज न मिळता कार्ड वर्षानुवर्षे पडून राहिले तर तो भार हळूहळू गळतो आणि उष्णतेत अधिक वेगाने गळतो. म्हणून मी कार्ड देतो, पण घरच्या संगणकावर एक प्रत आजच उतरवून घ्या असे सांगतो, आणि अल्बम ताब्यात देईपर्यंत माझ्या दोन हार्ड डिस्कवरचे काहीही पुसत नाही.