पॉवर बँक आणि पार्किंगमधील डॅशकॅम

उभ्या गाडीतला डॅशकॅम (गाडीत बसवलेला, बाहेरचे चित्रण करणारा कॅमेरा) गाडीच्या बॅटरीऐवजी पॉवर बँकेवर चालवावा, असा एक सल्ला आहे. त्यात २०,००० एमएएचची (मिलिअँपिअर-तास) पॉवर बँक ६०० मिलिअँपिअर घेणाऱ्या कॅमेऱ्याला २०,००० भागिले ६००, म्हणजे तेहेतीस तास पुरेल, असा हिशेब मांडलेला आहे; तो मला पटत नाही. पॉवर बँकेवरचा आकडा आतील सेलच्या ३.७ व्होल्टला धरून छापलेला असतो, तर कॅमेऱ्याला ५ व्होल्ट लागतात. म्हणजे हाती ७४ वॉट-तास ऊर्जा असते आणि रूपांतरातील घट वजा केली की ३ वॉटच्या कॅमेऱ्यासाठी साधारण वीस-एकवीस तासच उरतात. गाडीची मूळ बॅटरी उतरू नये म्हणून स्वतंत्र बॅटरी वापरावी, या मुद्द्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे.

त्या सल्ल्यात न आलेली एक अडचण मी स्वतः अनुभवली आहे. धक्का बसल्यावरच चित्रण सुरू करणाऱ्या मोडमध्ये कॅमेरा एरवी इतका कमी करंट घेतो की, जोडलेले उपकरण पूर्ण चार्ज झाले असे समजून अनेक पॉवर बँका आपोआप बंद होतात. माझी तशीच बंद झाली आणि सकाळी कार्डवर रात्रीचे काहीच नव्हते. (कॅमेऱ्याला दोष देण्यात माझे दोन दिवस गेले, ते वेगळेच.) त्यामुळे कमी करंटवरही सुरू राहण्याची सोय असलेली पॉवर बँक घ्यावी किंवा सलग टाइमलॅप्स (ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपणारे) चित्रण ठेवावे. शिवाय उन्हात बंद गाडी फार तापते, तेव्हा साध्या लिथियम-आयन सेलपेक्षा उष्णता अधिक सोसणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मला जास्त सुरक्षित वाटते. डॅशबोर्डवर तर कोणतीच बॅटरी ठेवू नये.